समुद्रकाठच्या बागेत नागदवणी पुन्हा पुन्हा खंगते : काय तपासायचं, कोणत्या क्रमाने आणि कुठे थांबायचं

कोकणातल्या किनारी गावांत कुंपणाकडेला, ओहोळाच्या तोंडाशी, कधी पुळणीच्या वरच्या अंगाला नागदवणीची मोठमोठी बेटं दिसतात. कुणी खत घालत नाही, कुणी पाणी घालत नाही. मे महिन्यात वाळू पाय भाजेल इतकी तापते, जूनपासून पाऊस झोडपून काढतो, उधाणाच्या दिवसांत खारे तुषार अंगावर येतात, तरी तिची हातभर लांब, जाड पात ताठ उभी असते. तीच नागदवणी हौसेने वाफ्यात आणून लावली, वेळच्या वेळी खत-पाणी केलं, की दोन-तीन वर्षांत खंगायला लागते. मग लोक तो कांदा काढून टाकतात, त्याच जागी दुसरा लावतात आणि तोही तसाच जातो.

ही तक्रार मी इतक्या बागांत पाहिली आहे की आता फाटकातून आत शिरताना काय सापडणार याचा अंदाज येतो. बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघतं : मानेवर चढलेली माती, रोज थोडं थोडं दिलेलं मचूळ पाणी, नाहीतर पातीच्या पोटात बसलेल्या अळ्या. औषधाची खरी गरज फार थोड्या वेळा लागते. पण घडतं असं की पात पिवळी दिसली की पहिला हात बुरशीनाशकाच्या बाटलीकडे जातो. सुरुवातीची काही वर्षं मीही तेच करत होतो. त्या चुकीने चांगले कांदे गेले, म्हणून हा क्रम लिहून ठेवतो आहे.

हात लावण्याआधी एक गोष्ट. नागदवणीच्या सगळ्या भागांत, विशेषतः कांद्यात, लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते पोटात गेलं तर जोरदार उलट्या होतात. चिकामुळे काहींच्या कातडीला खाज सुटते. हातमोजे घाला, कापलेल्या पाती गुराढोरांच्या पुढ्यात पडू देऊ नका आणि उकरलेला कांदा लहान मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नका. तो साध्या कांद्यासारखा दिसतो, धोका तिथेच आहे.

आधी लक्षणं नीट बघा

बिघाड एकच असला तरी तो वेगवेगळ्या रूपांत समोर येतो. तुमच्या बागेत यातलं कोणतं दिसतंय ते ठरवा, मग पुढे वाचा.

- पातीचे शेंडे आणि काठ तपकिरी होऊन कुरकुरीत वाळतात. आतला भाग हिरवाच राहतो.
- बाहेरच्या जुन्या पाती एकामागून एक पिवळ्या पडून लोंबतात. एका वेळी एखाद-दुसरी असेल तर काळजी नको, ते तिचं वयच आहे. चार-पाच एकदम असतील तर मात्र काहीतरी बिघडलंय.
- मधली कोवळी पात ओढली की सहज हातात येते. बुडाशी चिकट आणि घाण वासाची.
- पातीवर कागदासारखे अर्धपारदर्शक पट्टे दिसतात, मग भोकं पडतात, गाभ्यात काळपट ओली विष्ठा साचते.
- पातीवर आणि फुलाच्या दांड्यावर लालसर तपकिरी, लांबट डाग उठतात.
- नव्या पाती फिकट पिवळ्या निघतात, पण शिरांच्या रेषा हिरव्या राहतात.
- झाड तजेलदार असूनही फुलत नाही.

आता तपासण्या. पहिल्या काहींना पैसे लागत नाहीत, नुसते डोळे आणि बोटं लागतात. त्या गाळून पुढच्या करू नका.

ही नागदवणीच आहे ना?

प्रश्न उगाच वाटेल, पण यानेच अनेकांचा महिना वाया जातो. 'स्पायडर लिली' या नावाखाली रोपवाटिकांत दोन वेगळी झाडं मिळतात. एक आपली नागदवणी, म्हणजे क्रायनम एशियाटिकम. लिनियसने 1753 मध्ये हे नाव दिलं. हिंदी महासागरापासून पश्चिम प्रशांत महासागरापर्यंतच्या उष्ण किनाऱ्यांवर ती मूळचीच आहे. दुसरी हायमेनोकॅलिस, ती अमेरिका खंडातली. फरक फुलात कळतो : हायमेनोकॅलिसच्या पुंकेसरांना जोडणारा पातळ पांढरा पेला असतो, नागदवणीला तो नसतो, तिचे जांभळट पुंकेसर सुटे सुटे उभे राहतात. फूल नसेल तर बुंधा बघा. जुन्या नागदवणीला पातींच्या आवरणांचा जाड, खांबासारखा बुंधा जमिनीच्या वर येतो.

शिवाय आपल्याकडे नागदवणा हे नाव दवण्याच्या जातीतल्या एका सुगंधी झुडपालाही आहे. नाव सारखं म्हणून त्याचे उपाय हिच्यावर केले तर काही साधणार नाही.

झाडाभोवती एक फेरी मारा

करपलेल्या पाती कोणत्या बाजूला आहेत? एवढंच बघायचं आहे.

करपणं फक्त समुद्राच्या बाजूला असेल आणि मागची बाजू हिरवीगार असेल, तर तो खाऱ्या वाऱ्याचा मार आहे. नैर्ऋत्येचा वारा जून-जुलैत लाटांचे तुषार उडवून आणतो, पण तेव्हा पाऊस लगेच पात धुऊन टाकतो. खरं नुकसान होतं ते पावसाची उघडीप पडते तेव्हा आणि मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत. तेव्हा दुपारचे खारे वारे पातीवर मीठ ठेवून जातात आणि धुवायला कुणी नसतं. अशा झाडाला औषध देऊ नका. गोड पाणी असेल तर आठवड्यातून एकदा सकाळी पाती धुवा. नवं लावलेलं असेल तर पहिला उन्हाळा नारळाच्या झापांचा आडोसा द्या. भिंतीपेक्षा झाप बरा. भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो, तर झाप त्याला गाळून मंद करतो. कायमची सोय हवी असेल तर वाऱ्याच्या बाजूला निगडी, उंडी किंवा भेंडीचं (भाजीची नव्हे, किनाऱ्यावर वाढणारी मोठी भेंडी) झाड वाढवा. एकदा बेट जमलं की नागदवणीला आडोशाची गरज उरत नाही.

करपणं सगळ्या बाजूंनी सारखं असेल तर दोष वाऱ्याचा नाही, तो मुळांतून नाहीतर पाण्यातून येतो आहे. म्हणून ही फेरी पहिली मारायची : अर्धे प्रश्न इथेच वेगळे होतात.

मान मोकळी आहे का?

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त झाडं इथे जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोकणातल्या बागेत माड-पोफळींना दर वर्षी मातीची भर घालायची पद्धत आहे. त्या झाडांना ती मानवते, कारण बुंध्यातून वरच्या बाजूला नवी मुळं फुटतात. बागेतला माणूस त्याच फेरीत, त्याच घमेल्यातली लाल माती नागदवणीच्या बुडाशीही टाकतो. मायेनेच टाकतो. तीन-चार वर्षांत कांद्याची मान वीतभर खाली गाडली जाते.

मान म्हणजे काय, तर पातींची एकावर एक गुंडाळलेली आवरणं. त्या थरांमध्ये पाणी शिरतं. मान उघडी असेल तर वारा ते सुकवतो. गाडलेली असेल तर पावसाळाभर ते थर ओलेच राहतात, हवा मिळत नाही आणि सडवणाऱ्या जिवाणूंना घर मिळतं. सड खालून नाही, वरून आत उतरते, त्यामुळे मधली पात पहिली सुटते. नागदवणीची मुळं ओलीत राहिलेली तिला चालतात, ओहोळाकाठी ती उभी असतेच. मानेची ओल मात्र तिला सोसत नाही. हा फरक लक्षात आला तेव्हापासून मी बुरशीनाशक जवळजवळ बंद केलं.

तपासणी बोटाने होते. बुंध्याला लागून बोट खाली घाला. हिरवट-पांढरा बुंधा जिथे फुगून कांदा होतो ती जागा शोधा. कांद्याचे खांदे मातीच्या पातळीला किंवा जरा वर हवेत. खोल असतील तर हातानेच माती बाजूला ओढा, खुरपं लावू नका, कारण एक जखम झाली तरी सड आत जाते. वाळलेली बाहेरची आवरणं सहज निघतील तेवढीच काढा. पालापाचोळ्याचं आच्छादन चांगलंच, पण मानेपासून चार बोटं लांब. नारळाची सोडणं अंथरणार असाल तरी हाच नियम.

मधली पात आधीच सुटून आली असेल तर बुंधा दाबून बघा. टणक असेल तर मान उघडी करून आठ-दहा दिवस पाणी बंद ठेवा. बऱ्याचदा बाजूने नवी पात येते. मऊ लागला तर शेवटच्या तपासणीकडे जा.

पात उलटी करा

पारदर्शक पट्टे किंवा भोकं असतील तर लगेच, आणि पावसाळ्यात नसली तरी आठवड्यातून एकदा, पातीची खालची बाजू आणि गाभा बघा. संध्याकाळनंतर टॉर्च घेऊन गेलात तर अधिक दिसेल. काळ्या अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके असलेल्या अळ्या घोळक्याने बसलेल्या सापडतील. ही पॉलिटेला ग्लोरिओसी नावाच्या पतंगाची अळी. पतंग स्वतः काळा-लाल-पिवळ्या नक्षीचा, दिसायला देखणा. अंडी पातीवर पुंजक्याने घातली जातात, लहान अळ्या पातीचा हिरवा गर खरवडतात आणि पापुद्रा ठेवतात. ते पारदर्शक पट्टे त्याचेच. मोठ्या झाल्या की अख्खी पात फस्त करतात आणि गाभ्यात उतरतात. चार दिवस घरी नव्हतो आणि झाडाचे नुसते खुंट उरले, असं लोक सांगतात ते खरं असतं.

अंडीपुंज असलेला पातीचा तुकडा कापून घ्या, अळ्या हातमोज्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. दोन-चार झाडांना एवढं पुरतं. झाडं जास्त असतील तर 5 टक्के निंबोळी अर्क : लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळीच्या गराची भरड रात्रभर भिजवा, गाळा, थोडा साबण मिसळा आणि संध्याकाळी पातीच्या दोन्ही बाजूंना व गाभ्यात फवारा. उन्हात फवारलं तर अर्काचा गुण लवकर जातो. आठवड्याने पुन्हा. अळ्या लहान असतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटीची पावडर चांगली चालते. मोठ्या झालेल्या अळ्यांवर तिचा फारसा उपयोग नाही.

आणि कुंपणावर कळलावी आहे का ते बघा. या पतंगाच्या नावातला 'ग्लोरिओसी' हा शब्द कळलावीच्या शास्त्रीय नावावरूनच आला आहे. पहिल्या पावसाबरोबर कळलावी वर येते, अळ्या तिच्यावर वाढतात आणि तिथून नागदवणीवर येतात. फक्त नागदवणी फवारली आणि कळलावी विसरली, तर महिन्याभरात सगळं पहिल्यासारखं. कळलावी उपटून टाकू नका, तीही आपल्याच मातीतली आहे आणि तशीही कमी होत चालली आहे. तिच्यावरच्या अळ्याही वेचा, इतकंच. ही अळी जमिनीत कोषात जाते, म्हणून पावसाळ्यानंतर झाडाभोवतीची वरची बोटभर माती हलवून उन्हात उघडी टाकली तर पुढच्या वर्षीचा त्रास कमी होतो.

पाणी कोणतं, किती आणि कुठून

शेंडे सगळीकडून करपतात आणि मान मोकळी आहे, अळ्याही नाहीत. मग विहिरीकडे चला.

किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी फेब्रुवारीनंतर उतरत जातं आणि एप्रिल-मेपर्यंत मचूळ होतं, कारण गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खालून खारं पाणी वर सरकतं. जिभेला खारट लागेपर्यंत थांबू नका. एक साधं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये मोजणारं यंत्र, विहिरीच्या पाण्यात बुडवा. 450 पर्यंत आकडा असेल तर निर्धास्त राहा. 450 ते 2000 म्हणजे देण्याची पद्धत सांभाळायला हवी. 2000 च्या वर गेला तर ते पाणी बागेला देऊ नये. नागदवणी समुद्रकाठची आहे, काही काळ सोसेल, पण तिच्या शेजारची बाकी बाग सोसणार नाही.

इथे लोकांना एक गोष्ट पटवायला मला वेळ लागतो : मचूळ पाणी थोडं थोडं रोज देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर द्यावं. रोज तांब्याभर पाणी दिलं की ते वरच्या वीतभर मातीतच राहतं. ऊन पाणी घेऊन जातं, मीठ मागे राहतं. दुसऱ्या दिवशी आणखी एक तांब्या, आणखी थोडं मीठ. महिनाभरात मातीवर पांढरी पापडी धरते आणि पातीच्या शेंड्याशी मीठ साचून शेंडा जळतो, कारण मुळांनी ओढलेलं पाणी तिथून उडून जातं आणि मीठ तिथे अडकतं. एकदम भरपूर पाणी दिलं तर ते मीठ मुळांच्या खाली ढकललं जातं. कुंडीला हाच उपाय : कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडं पाणी सावकाश ओता, तळातून वाहून जाऊ द्या, तळाच्या बशीत साचलेलं फेकून द्या. पहिल्या मिरगाच्या पावसात कुंड्या पागोळ्यांखाली ठेवल्या तर हे काम फुकटात होतं.

तुषार सिंचनाने मचूळ पाणी पातीवर उडवत असाल तर ते आजच बंद करा. मातीतलं मीठ मुळं थोडंफार अडवतात, पातीवर वाळलेलं मीठ थेट आत जातं. एका बागेत दुपारी बाराला तुषार चालू असायचे आणि सगळी नागदवणी चारी बाजूंनी करपलेली होती. पाणी बुडाशी द्यायला सुरुवात केली, दुसरं काहीच केलं नाही. पुढच्या पाती नीट आल्या. करपलेली पात पुन्हा हिरवी होत नाही, त्यामुळे सुधारणा नव्या पातीवरून मोजा आणि दीड-दोन महिने धीर धरा.

कुंडीत कोकोपीट वापरलं असेल तर तेही तपासा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ भरपूर असतं. दोन-तीन वेळा गोड्या पाण्यात भिजवून पिळून घेतल्याशिवाय ते वापरू नये.

पाणी खाली जातं का?

भरपूर पाणी देऊनही पांढरी पापडी परत येते, तेव्हा झाडापासून हातभर अंतरावर एक खड्डा करा, 30 सेंटिमीटर खोल. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती उतरतं ते बघा. 2-3 सेंटिमीटर किंवा जास्त उतरलं तर निचरा ठीक आहे. हललंच नाही तर खाली कातळ नाहीतर चिकट मळीचा थर आहे. जांभ्याच्या कातळावर वीतभर माती पसरून केलेल्या बागांत हे हमखास सापडतं. पाण्याला वाट नसेल तर मिठालाही वाट नाही. तेव्हा कातळ फोडत बसण्यापेक्षा दगडांची कड करून 30 ते 45 सेंटिमीटर उंच वाफा करा. त्यात जाड रेती, माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. रेती समुद्रावरची आणू नका, ती खारी असते. शिवाय वाळूच्या टेकड्या 2019 च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत संवेदनशील भागात मोडतात.

नवी पात पिवळी, शिरा हिरव्या

पुळणीच्या मातीत शंख-शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजेच चुना. चुन्यामुळे जमिनीतलं लोह झाडाला घेता येत नाही. मूठभर माती बशीत घ्या, वर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे. तात्पुरता उपाय म्हणून लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल मिसळून संध्याकाळी फवारा. खरा उपाय कुजलेलं सेंद्रिय खत, दर वर्षी, मानेपासून लांब. जांभ्याच्या लाल मातीत हा प्रश्न सहसा येत नाही, ती आम्लधर्मी असते.

फुलतच नाही

आधी ऊन मोजा. दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन हवं. आंब्याच्या गर्द सावलीत पाती लांबलचक होतात, दांडा येत नाही. मग आठवा, गेल्या वर्ष-दोन वर्षांत जागा बदलली होती का. हलवलेली नागदवणी रुसते, एखादा हंगाम सोडते, त्यावर थांबणं हाच उपाय आहे. युरिया घालत असाल तर बंद करा, त्याने नुसती पात माजते. बियांपासून केलेलं रोप असेल तर फुलायला काही वर्षं लागणारच. तिचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्री वास सुटतो आणि लांब सोंडेचे निशाचर पतंग त्यावर येतात. एकदा ते पाहिलं की थांबल्याचं वाईट वाटत नाही.

डाग : कोणते साधे, कोणते गंभीर

लालसर तपकिरी लांबट डाग पातीवर आणि दांड्यावर असतील तर ती बुरशी आहे. पावसाच्या आणि नळाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर ती पसरते. डागी पाती बुडाशी कापून जाळा, कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसा, पाणी वरून देऊ नका. दर पावसाळ्यात येत असेल तर पावसाआधी 1 टक्का बोर्डो मिश्रण : लिटरला 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम कळीचा चुना, वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा, प्लास्टिकच्या भांड्यात. लोखंडी भांडं चालत नाही. डाग पडण्याआधी याचा उपयोग, नंतर फारसा नाही.

पिवळ्या-हिरव्या तुटक रेघा, ठिगळासारख्या, एका पातीवर जास्त, दुसरीवर कमी, आणि पात वेडीवाकडी असेल तर मोझॅकचा संशय घ्या. लोहाच्या कमतरतेत रेषा सरळ आणि सगळ्या नव्या पातींवर सारख्या असतात, हा फरक. मोझॅक विषाणूमुळे होतो, मावा तो पसरवतो आणि त्यावर औषध नाही. बाजारात कुणी बाटली दिली तरी घेऊ नका.

कांदा उकरणं, सगळ्यात शेवटी

बुंधा मऊ लागतो, वास येतो, वरचे उपाय होऊन महिना झाला, तरच उकरा. शक्यतो पाऊस ओसरल्यावर. भर पावसात उकरलेला कांदा मी क्वचितच वाचलेला पाहिला आहे, पण सड चढतच असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

दोन हात लांबून फावडं घाला, जाड मुळं शक्य तितकी राखा. कांदा धुवा आणि तळाची चकती दाबून बघा. मुळं आणि नव्या पाती तिच्यामुळेच फुटतात. चकती टणक असेल तर कांदा वाचतो : सडलेले थर स्वच्छ पांढरा भाग लागेपर्यंत कापून काढा, सावलीत वाऱ्यावर चार-पाच दिवस सुकवा, मग कोरड्या रेताड मातीत, खांदे वर ठेवून लावा. पहिली पात दिसेपर्यंत पाणी अगदी बेताचं. चकतीच मऊ झाली असेल तर मन घट्ट करून टाकून द्या, कंपोस्टमध्ये नको. बाजूची पिल्लं टणक असतील तर ती वेगळी करून घ्या. आणि झाडाला कधी बी धरलेलं असेल तर ते जमवून ठेवलेलं उपयोगी पडतं. नागदवणीचं बी मोठं, बुचासारख्या थराचं, खऱ्या कवचाशिवायचं असतं. ते समुद्रावर तरंगत दूरवर जातं आणि मातीवर नुसतं ठेवलं तरी रुजतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

मोझॅकचा संशय एकाहून जास्त झाडांवर असेल तर. कात्री, हात, पिल्लांची देवाणघेवाण सगळं थांबवा आणि निदान होईपर्यंत कुणालाही कांदा देऊ नका.

विहिरीचा आकडा पावसाळ्यानंतरही 2000 च्या खाली येत नसेल तर. हा मग नागदवणीचा प्रश्न राहत नाही, विहिरीचा होतो. उपसा किती करायचा, पुनर्भरण कसं करायचं हे भूजलाचं काम करणाऱ्याने जागेवर येऊन सांगायला हवं.

खारबंदिस्ती फुटून किंवा उधाणाने बागेत समुद्राचं पाणी दिवसभर उभं राहिलं असेल तर. जिप्सम वगैरे अंदाजाने टाकू नका, जमिनीत सोडियम किती आहे हे तपासल्याशिवाय त्याचं प्रमाण ठरत नाही.

दोन वेळा कांदे बदलूनही त्याच जागी सड येत असेल तर तिसरा लावू नका.

कुणी कांदा खाल्ला असेल तर यातलं काहीच वाचत बसू नका. घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठा आणि झाडाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या.

झाडांच्या बाबतीत तालुक्याचं कृषी कार्यालय किंवा जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र गाठा. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे, आणि खाऱ्या जमिनीसाठी त्याच विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला आहे. जाताना मोबाइलवरचे फोटो पुरत नाहीत. एक अख्खी रोगट पात आणि एक निरोगी, कागदात गुंडाळून, कारण प्लास्टिकमध्ये ती वाटेतच सडते. 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटर खोलीवरची अर्धा-अर्धा किलो माती, सावलीत सुकवून, वेगवेगळ्या पिशव्यांत. आणि पंप दहा मिनिटं चालवल्यानंतर भरलेलं लिटरभर पाणी, बाटलीवर तारीख लिहून. शक्य असेल तर मे महिन्यातलं एक आणि ऑक्टोबरमधलं एक.